गज

मंडळाच्या फळीवर अजून तेच आहे: शिकारी व गळकार संघ.
'शिकारी' ह्या शब्दावर चुना फासायचा ठराव
तीन वर्षं पुढच्या सभेवर जातोय.
रुझार म्हणतो, खोडा हवं तर,
पण माझ्या बापानं काय केलं ते मग कुठं लिहाल?

मी खजिनदार.
माझ्याकडे किल्ली, पावतीपुस्तक आणि एक लोखंडी गज.

गजाची हकिकत अशी.
एका निवडणुकीआधी सगळ्यांनी बंदुका ठाण्यात जमा केल्या.
रुझारनंही केली, बापाची, ठासणीची,
जिनं म्हणे एका पावसाळ्यात सात रानडुकरं पाडली
(आकडा दर नाताळला वाढतो).
निकाल लागला, सरकार बसलं, पडलं, पुन्हा बसलं,
तो बंदूक आणायला गेलाच नाही.
एकदा गेला होता म्हणतात, पायरीवरून परतला.
गज मात्र घरीच राहिलेला,
दाराआड, छत्र्यांच्या गर्दीत.

त्यावर आता दोन खाचा आहेत, सगुणनं कानशीनं पाडलेल्या.
पहिलीच्या आत राहिला तो मासा पाण्यात.
दुसरीच्या पुढे गेला तोही पाण्यात.

लहान सोडायचा, हे पटलं सगळ्यांना.
मोठाही सोडायचा म्हणताच सभा उठली;
चहा तसाच राहिला, भजी तेवढी संपली.
सगुण रिकाम्या खुर्च्यांना सांगत होता:
चोणक आधी नर असतो, वाढता वाढता मादी होतो.
हाताएवढा दिसतो तो बाप,
मांडीएवढी दिसते ती आई.
दारातून कुणीतरी: तिचं लुगडं पाहिलंस काय रे?
हशा थेट रस्त्यापर्यंत गेला.

बाकी आमचं काम सांगण्यासारखं नाही.
कुंभारजुव्याच्या कालव्यातून आम्ही जाळी ओढून काढतो,
तुटलेली, धनी नसलेली,
तरी अजून मासे धरत बसलेली.
खारफुटीच्या शेंगा चिखलात खोचतो;
निम्म्या भरती नेते, उरलेल्या खेकडे कुरतडतात,
एखादी चुकून दोन पानांची होते.
बांध फुटला त्या रात्री
ताटावरची माणसं तशीच उष्ट्या हातानं आली,
फिलूनं तर घराचं दारच उतरवून आणलं.
दार अजून तिथंच आहे, बांधाच्या पोटात.
तिच्या घराला पडदा आहे.

पौषातल्या अवसेला पोरं चिखलाची मगर थापतात,
शिंपल्यांचे डोळे लावतात,
आम्ही वाकून नमस्कार करतो.
खऱ्या मगरी पलीकडच्या काठावर ऊन खात असतात,
आमच्याच सभासद, वर्गणी न भरणाऱ्या.

यंदाच्या स्पर्धेत रुझारला लागला.
मानशीच्या खाली, अंधार असतानाच,
दोरी अशी ताणली की मला तिचा आवाज ऐकू आला.
मी गज घेऊन गुडघाभर चिखलात उतरले.
विजेरीच्या उजेडात डोळा तांबडा पेटला.
दुसऱ्या खाचेपुढे चार बोटं.

मी काही बोलले नाही.
बक्षीस भिंतीवरचं घड्याळ होतं,
आणि त्याच्या घरचं पावसाळ्यापासून बंद आहे.
त्यानं माझ्या हातून गज घेतला,
शेपटी दुमडून पुन्हा मापलं.
तरी तीन.
'म्हातारी आहे,' इतकंच म्हणाला,
आणि तिला पाण्यात धरून उभा राहिला,
एक हात पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे,
कल्ले हलायला लागेपर्यंत, मग त्यानंतरही थोडा वेळ.
जाताना तिनं त्याच्या तोंडावर चिखल उडवला.
त्यानं तो पुसला नाही.

वहीत लांबीच्या रकान्यात मी लिहिलं: गजाबाहेर.
घड्याळ वासुदेवच्या पोराला गेलं, दीड वितीच्या तामशाबद्दल.

निघताना रुझार म्हणाला, गज गंजलाय,
घरी नेतो, तेल लावून आणतो.
पंधरा दिवस झाले.
मी अजून मागितलेला नाही.